हवा मानवेल अशा जागी राहायला जावे का? स्थलांतरापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

२०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. अशा बातम्या वाचल्यावर आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या घरातला उकाडा सोसल्यावर पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न येतो, की इथून उठून जरा बऱ्या हवेच्या ठिकाणी का राहायला जाऊ नये? निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे जोडपे, घरी बसून काम करता येणारे तरुण, कडाक्याच्या थंडीत गुडघे धरून बसणारे ज्येष्ठ, दम्याच्या मुलाचे आईवडील अशा अनेकांना तो पडतो.

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या शहराचे सरासरी तापमान पाहून किंवा सुटीत घालवलेल्या चार सुखद दिवसांच्या आठवणीवरून ठरवले जाते. बिऱ्हाड हलवण्याइतक्या मोठ्या निर्णयाला हे दोन्ही आधार फार तोकडे आहेत. हवामानशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्हींनी या विषयावर उपयोगी पडेल असे बरेच सांगून ठेवले आहे.

सौम्य हवा म्हणजे नेमकी कशी हवा

हवामानाचा अभ्यास प्रामुख्याने वादळे, दुष्काळ आणि उष्णतेच्या लाटा यांभोवती फिरतो. चांगल्या दिवसांची मोजदाद फारशी कोणी करत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र कारिन व्हॅन डर वील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. दिवसाचे कमाल तापमान १८ ते ३० अंशांच्या दरम्यान असावे, पाऊस एक मिलिमीटरपेक्षा कमी असावा आणि हवा दमट नसावी, असा दिवस त्यांनी सौम्य मानला. या कसोटीवर पृथ्वीवरील एखाद्या ठिकाणाला वर्षातून सरासरी ७४ सौम्य दिवस मिळतात. तापमानवाढीमुळे शतकाच्या अखेरीस त्यांतले सुमारे दहा कमी होतील, असा त्यांचा अंदाज होता. ही घट सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांना ती अधिक सोसावी लागेल, तर समशीतोष्ण पट्ट्यातल्या काही ठिकाणी सौम्य दिवस उलट वाढतील.

या अभ्यासातली घ्यायची गोष्ट म्हणजे त्याची पद्धत. हवामान अंशांत न मोजता दिवसांत मोजावे. ‘तिथे सरासरी २१ अंश असते’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही. ‘तिथे वर्षातले दोनशे दिवस दार उघडे ठेवून बसता येते आणि चाळीस दिवस बाहेर पाऊल टाकवत नाही’ हे वाक्य निर्णयाच्या कामी येते.

सरासरीत काय दडते

बीजिंग आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांचे वार्षिक सरासरी तापमान एकमेकांच्या बरेच जवळ, साधारण १३ ते १४ अंशांच्या आसपास आहे. प्रत्यक्षात बीजिंगच्या जानेवारीची सरासरी शून्याखाली असते आणि जुलैची २७ अंशांच्या आसपास जाते. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिना यांत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक असतो. एका शहरात दोन टोकांच्या ऋतूंसाठी वेगळे कपडे, वेगळी उपकरणे आणि वेगळी दिनचर्या लागते, तर दुसऱ्यात वर्षभर एक हलके जॅकेट पुरते. वार्षिक सरासरी या दोघांना एकाच रांगेत बसवते.

आणखी एक खाचखळगा आहे. एखाद्या ठिकाणचे ‘नेहमीचे’ हवामान सांगताना हवामान खाती तीस वर्षांची सरासरी वापरतात, आणि सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा कालखंड धरला जातो. म्हणजे तुम्ही वाचता तो आकडा साधारण २००५ च्या सुमाराचे चित्र दाखवतो. हवामान स्थिर असते तर याने काही बिघडले नसते, पण तापमान वाढत असताना तो आकडा हटकून मागे राहतो. तुम्हाला मात्र पुढची वीस-तीस वर्षे तिथे काढायची असतात.

म्हणून महिनावार आकडे पाहावेत, दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान वेगळे पाहावे, आणि विशेषतः गेल्या दहा वर्षांत सर्वांत वाईट आठवडा कसा होता ते शोधावे. युरोपच्या कोपर्निकस या हवामान-माहिती सेवेकडे १९४० पासूनची, पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणची तासातासाची माहिती विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यावर आधारलेली सोपी संकेतस्थळेही आहेत. तापमान किती आहे यापेक्षा ते असह्य किती वेळा आणि सलग किती दिवस होते, हे तिथे शोधावे.

दमटपणा आणि रात्र

शरीर थंड ठेवण्याचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घामाचा उपयोग तो वाळला तरच होतो. पावसाळी हवेत दोरीवर टाकलेले ओले कपडे दिवसभर तसेच राहतात आणि कोरड्या हवेत तासाभरात वाळतात, तसेच घामाचे आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम अंगावरून नुसता ओघळतो, उष्णता सोबत नेत नाही. म्हणून कोरड्या हवेतले ३८ अंश अनेकांना दमट हवेतल्या ३२ अंशांपेक्षा सुसह्य वाटतात.

ठिकाणांची तुलना करताना सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी पाहून पुष्कळांची फसगत होते, कारण ती तापमानाबरोबर दिवसभर खालीवर होत असते. त्याऐवजी दवबिंदू पाहावा. हवा किती अंशांपर्यंत थंड केली असता तिच्यातल्या बाष्पाचे दव बनू लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. तो १५ अंशांच्या खाली असेल तर बहुतेकांना हवा आल्हाददायक वाटते, २० च्या वर गेला की चिकचिक जाणवू लागते आणि २४ च्या पुढे धडधाकट माणसालाही कामाचा उरक राहत नाही.

रात्रीकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवते, आणि त्यासाठी रात्र थंड व्हावी लागते. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली उतरलेच नाही तर अशा रात्रीला हवामानशास्त्रात उष्णकटिबंधीय रात्र म्हणतात. गजबजलेल्या शहरांत काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता साठवून रात्रभर सोडत राहतात, त्यामुळे शहराचा मध्यभाग आणि पंधरा किलोमीटरवरचा मोकळा भाग यांत रात्री कित्येक अंशांचा फरक पडू शकतो. हा परिणाम ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये नोंदवला होता. ज्याला उकाड्याचाच त्रास आहे, त्याने दुसऱ्या प्रदेशात जाण्याआधी स्वतःच्या शहराच्या कडेला, झाडीच्या भागात किंवा वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर जाण्याचाही विचार करावा. हवामान बदलायला प्रत्येक वेळी शेकडो किलोमीटर जावे लागत नाही.

सौम्य हवा येते कुठून

एखाद्या जागेची हवा सौम्य का आहे हे कळले की तिच्यासोबत आणखी काय येणार आहे तेही कळते. ढोबळमानाने याची तीन कारणे असतात.

पहिले कारण उंची. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. विषुववृत्ताला अगदी लागून असलेले, दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोर देशाचे क्विटो सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे बारा महिने सरासरी १४-१५ अंश तापमान राहते. परंतु त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो आणि प्रत्येक श्वासात तितका कमी प्राणवायू मिळतो. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला हा फरक उकाड्यापेक्षा जड जाऊ शकतो. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रताही साधारण दहा टक्क्यांनी वाढते. शिवाय डोंगराळ भाग म्हटला की उतार, दरडी आणि रुग्णालयापर्यंतचा वळणावळणाचा रस्ता आलाच.

दुसरे कारण समुद्र. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे समुद्रावरून वारे येणाऱ्या किनाऱ्यांवर ना कडक उन्हाळा ना कडक हिवाळा. मात्र अशा अनेक किनाऱ्यांवर आभाळ महिनोन्महिने भरलेले असते. ज्यांचे मन उजेडावर फार अवलंबून असते, त्यांना हिवाळी औदासीन्याचा विकार अशा ठिकाणी, थंडी बेताची असूनही, गाठू शकतो. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याचा संबंध दिवस लहान होण्याशी, म्हणजेच उजेडाशी आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस आठ तासांचाही नसतो, हे तिथल्या बेताच्या थंडीचे कौतुक करताना विसरले जाते.

तिसरे कारण कोरडा उन्हाळा आणि पावसाळी, उबदार हिवाळा यांची जोडी. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे नैर्ऋत्य टोक आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग या पाच प्रदेशांत असे हवामान आढळते, आणि ‘जगातली सर्वांत चांगली हवा’ म्हणून यांतल्याच गावांची नावे घेतली जातात. तिथला उन्हाळा सुखद वाटतो तो कोरडेपणामुळे, आणि वणवे पेटतात तेही त्याच कोरडेपणामुळे. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाईज या गावाची नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात राख झाली आणि त्या आगीत ८५ जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीच्या वालपराइसो भागातल्या आगींत १३० हून अधिक माणसे गेली. केपटाऊन २०१८ मध्ये नळ कोरडे पडण्याच्या बेताला आले होते. अशा प्रदेशात घर पाहणाऱ्याने खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याच्या बरोबरीने घराभोवतीचे गवत, बाहेर पडायचे रस्ते आणि पाण्याचा स्रोतही पाहावा.

‘सौम्य हवेत घर कसेही असले तरी काय बिघडते?’

हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

युरोपातल्या देशांची एक तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षातल्या इतर महिन्यांच्या मानाने हिवाळ्यात किती अधिक माणसे दगावतात, हे तीत पाहिले होते. गोठवणाऱ्या फिनलंडमध्ये ही वाढ दहा टक्के होती आणि उबदार पोर्तुगालमध्ये २८ टक्के. थंडी जिथे कमी, तिथे थंडीचे बळी अधिक, हे वाचताना विचित्र वाटते, पण कारण सरळ आहे. फिनलंडमध्ये भिंती जाड, खिडक्या दुहेरी-तिहेरी काचांच्या आणि प्रत्येक खोली गरम केलेली असते, कारण त्याशिवाय जगताच येत नाही. पोर्तुगालमध्ये थंडी ‘तेवढ्यापुरती’ असते, म्हणून घरे तिच्यासाठी बांधलीच जात नाहीत आणि माणसे दोन-तीन महिने आत कुडकुडत काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांतील घरात थंडीत किमान १८ अंश तापमान राखावे असे म्हटले आहे. सौम्य प्रदेशातली कितीतरी घरे या कसोटीला उतरत नाहीत.

उन्हाळ्याचीही तीच गत आहे. कॅनडाचा पश्चिम किनारा त्याच्या मवाळ हवेसाठी ओळखला जातो. जून २०२१ च्या अखेरीस तिथे उष्णतेची अभूतपूर्व लाट आली. किनाऱ्यापासून आतल्या भागातल्या लिटन या लहान गावात २९ जूनला ४९.६ अंश तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी लागलेल्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळून गेला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या चौकशीत त्या लाटेचे ६१९ बळी मोजले गेले. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना उष्णतेने गाठले ते घराच्या आत, आणि दोनतृतीयांश जण सत्तरीचे किंवा त्याहून वयस्कर होते. घरे उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली होती, वातानुकूलन अनेकांकडे नव्हते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना अशा दिवसांत काय करावे याची सवय नव्हती. नेहमी उष्ण असणाऱ्या शहरात उन्हाचे सगळे शहाणपण घराच्या रचनेत, कामाच्या वेळांत आणि माणसांच्या वागण्यात मुरलेले असते. सौम्य शहरात ते नसते.

तेव्हा नवी जागा बघताना हवामानाचे आकडे आणि घराच्या भिंती, छप्पर, खिडक्या यांची तपासणी ही दोन वेगळी कामे समजू नयेत. तुमच्या शरीराला जी हवा लागते ती चोवीस तासांतले बहुतेक तास घरातली असते.

‘पण थंडीने अधिक माणसे मरतात, मग उबदार प्रदेशात जाणे शहाणपणाचे नाही का?’

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा दाखला यासाठी दिला जातो. १३ देशांतील सात कोटी चाळीस लाख मृत्यूंच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्क्यांचा उष्णतेशी जोडता येतो. आकडे खरे आहेत, पण त्यांतून ‘उबदार गावी जा’ असा सल्ला निघत नाही.

याच अभ्यासाने दाखवले, की प्रत्येक ठिकाणी एक तापमान असे असते जिथे मृत्यू सर्वांत कमी होतात, आणि ते ठिकाणागणिक बदलते. उष्ण शहरांत ते वरच्या अंशांवर असते, थंड शहरांत खालच्या. म्हणजे माणसे, घरे आणि आरोग्यसेवा मिळून आपापल्या हवेशी जुळवून घेतात. ‘थंडी’ या शब्दाखाली मोजलेले बहुतेक मृत्यू गोठवणाऱ्या दिवसांतले नसून साध्या गारठ्याच्या दिवसांतले होते, आणि असा गारठा उबदार प्रदेशांतही असतो.

शरीर स्वतः किती जुळवून घेते? उष्णतेशी पुष्कळ. निरोगी माणूस रोज थोडा वेळ उष्णतेत वावरला तर एक ते दोन आठवड्यांत त्याला घाम लवकर सुटू लागतो, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदयावरचा ताण उतरतो. सवय सुटली की काही आठवड्यांत हा फायदा ओसरतो. थंडीशी शरीर इतके जुळवून घेत नाही, तिथे मुख्यतः कपडे आणि घरच उपयोगी पडतात. वय वाढले की तहान लागणे, घाम येणे आणि त्वचेकडे रक्त वळवणे या तिन्ही गोष्टी मंदावतात. लघवी वाढवणारी आणि मानसिक आजारांवरची काही औषधे उष्णता सोसण्याची शक्ती आणखी कमी करतात. म्हणून थंडीला कंटाळून साठीत उष्ण प्रदेशाकडे निघालेल्या माणसाने आपण ऐंशीव्या वर्षी तिथल्या उन्हाळ्यात कसे असू, हा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

‘आजारासाठी हवापालट हवाच असेल तर?’

हवापालटाचा सल्ला फार जुना आहे आणि काही आजारांत त्याला आधारही आहे. बहुविध काठिण्य, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या मज्जासंस्थेच्या आजारात शरीर तापले की लक्षणे तात्पुरती वाढतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. अशा अनेक रुग्णांना थंडाव्यात बरे वाटते.

सांधेदुखीचे चित्र इतके स्पष्ट नाही. ब्रिटनमध्ये दुखण्याच्या रोजच्या नोंदी आणि हवामान यांची सांगड घालणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवसांशी दुखण्याचा संबंध आढळला, पण तो माफक होता. केवळ गुडघ्यांसाठी घरदार हलवावे इतके बळ त्या पुराव्यात नाही.

दमा आणि ॲलर्जी यांबाबत ॲरिझोनाचा अनुभव बोलका आहे. विसाव्या शतकात तिथली कोरडी हवा श्वासाच्या रुग्णांसाठी वरदान मानली जाई आणि माणसे दूरदूरहून टूसॉनला राहायला येत. येताना त्यांनी आपल्या ओळखीची हिरवळ आणि सावलीची झाडेही आणली. तुती आणि ऑलिव्हच्या परागकणांनी हवा इतकी भरली, की १९८० च्या दशकात तिथल्या प्रशासनाला ही झाडे विकण्यावर बंदी घालावी लागली. रुग्ण हवेच्या शोधात गेले आणि हवा त्यांच्यामागून बदलली. ॲलर्जी असलेल्या माणसाने नव्या जागी निदान एक पूर्ण फुलोऱ्याचा हंगाम काढावा, कारण जुन्या परागकणांपासून सुटका झाल्याचा आनंद नव्या परागकणांची ॲलर्जी जडेपर्यंतच टिकतो, आणि ती जडायला काही वर्षेही लागू शकतात.

‘चांगल्या हवेत माणूस सुखी राहतो, यात शंका कसली?’

१९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान यांनी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना ते स्वतः आयुष्याबद्दल किती समाधानी आहेत हे विचारले. दोन्हीकडचे समाधान जवळजवळ सारखे निघाले. मात्र ‘तुमच्यासारखाच माणूस दुसऱ्या भागात किती समाधानी असेल’ असे विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियाला झुकते माप दिले, आणि त्याचे मुख्य कारण हवामान होते. आपण दोन जागांची तुलना करतो तेव्हा सारे लक्ष त्यांच्यातल्या ठळक फरकावर जाते आणि रोजचे जगणे ज्या गोष्टींनी भरलेले असते त्या नजरेआड होतात. तिथे राहू लागल्यावर हवा चांगली आहे हे आपल्याला दिवसातून किती वेळा आठवेल? कामाचा ताण, प्रवासाचा वेळ, बोलायला माणूस असणे-नसणे हे मात्र रोज जाणवेल.

माणसांचा हा मुद्दा आरोग्याचाही आहे. १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसे यांचा २०१० मध्ये एकत्र विचार करणाऱ्या संशोधनात घट्ट नातेसंबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. ज्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवता येते, जो दोन दिवस दार उघडले नाही तर चौकशी करतो, तो उष्णतेच्या लाटेतही जीव वाचवतो. नव्या गावात असा शेजारी मिळायला वर्षे लागतात.

तरीही या संशोधनाचा अर्थ हवामानाने काही फरक पडत नाही असा लावणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी तरुण असतात आणि बराच वेळ इमारतींत असतात. जो उन्हातान्हात काम करतो, ज्याला चार महिने घराबाहेर पडता येत नाही, ज्याची रात्रीची झोप हंगामभर उडते, त्याच्यासाठी हवा ही पार्श्वभूमी राहत नाही, ती रोजच्या जगण्याला बांध घालते. म्हणून ‘मला ती हवा आवडते का’ असे विचारण्याऐवजी ‘आज मला करता येत नाही असे नेमके काय मला तिथे करता येईल, आणि वर्षातून किती दिवस’ असे विचारावे. उत्तर ठोस असेल, जसे की रोज संध्याकाळी तासभर चालणे, तर ते गांभीर्याने घ्यावे.

‘हवामान सगळीकडेच बदलते आहे, मग जाऊन उपयोग काय?’

सगळीकडे बदलते आहे, पण सारखे नाही. जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते, खंडांचा अंतर्भाग किनाऱ्यांपेक्षा वेगाने तापतो. २०१९ मधील एका अभ्यासानुसार २०५० च्या सुमारास लंडनचे हवामान आजच्या बार्सिलोनासारखे आणि माद्रिदचे माराकेशसारखे होऊ शकते. असे ‘जुळे हवामान’ शोधणे उपयोगी आहे, कारण ज्या गावी तुम्ही आज जात आहात ते तुमच्या म्हातारपणी कोणत्या गावासारखे असेल याचा त्यातून अंदाज येतो. बार्सिलोनाचे हवामान वाईट नाही, पण बार्सिलोनाच्या हवेत लंडनची घरे ही वेगळी गोष्ट आहे.

‘हवामानापासून सुरक्षित शहर’ अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील ॲशव्हिल हे डोंगरातले, थंडाव्याचे गाव असेच नावाजले गेले होते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने तिथे प्रलयंकारी पूर आला आणि नळाला पुन्हा पिण्यायोग्य पाणी यायला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. हवामान-आश्रयस्थान म्हणवणाऱ्या, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या परिसरात डिसेंबर २०२२ च्या हिमवादळाने चाळीसहून अधिक बळी घेतले. सुरक्षित जागा असे काही नसते. कुठला धोका आपण पेलू शकतो आणि कुठला नाही, एवढेच निवडता येते. याचा एक रोकडा निदर्शक म्हणजे घराचा विमा. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने तिथले नवे अर्ज घेणे थांबवले. आवडलेल्या घराचा विमा सहज मिळत नसेल, तर धोका मोजणाऱ्यांनी आपले मत दिलेले असते.

आधी घर, मग गाव

माझे मत असे, की स्थलांतराचा खर्च मांडण्याआधी राहते घर सुधारण्याचा खर्च मांडावा. छपराला उष्णतारोधक थर, खिडकीच्या बाहेरून सावली, समोरासमोर हवा खेळेल अशी रचना, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि निदान एक खोली तरी पुरेशी थंड किंवा उबदार ठेवण्याची सोय यांनी त्रासाचे दिवस निम्म्यावर आले, तर उरलेल्या दिवसांसाठी गाव सोडणे परवडते का ते पाहावे. सावली बाहेरून करण्यावर भर अशासाठी, की काचेतून आत आलेले ऊन पडद्याने अडवले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. काहींना वर्षातले दोन कठीण महिने दुसरीकडे काढणे हा सर्वांत चांगला पर्याय ठरतो. भाडेकरू असलेल्यांना हे पर्याय सहज मिळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी जागा बदलणे हाच मार्ग असू शकतो, हेही तितकेच खरे आहे.

जायचेच ठरले तर

वृद्धांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या यूजीन लिटवाक आणि चार्ल्स लाँजिनो यांनी १९८७ मध्ये एक क्रम मांडला. पहिले स्थलांतर निवृत्तीनंतर चांगल्या हवेसाठी आणि सुखसोयींसाठी होते. दुसरे, प्रकृती ढासळू लागली किंवा जोडीदार गेला की मुलांच्या जवळ होते. तिसरे, घरच्यांना झेपेनासे झाले की सेवाकेंद्रात होते. म्हणजे हवेसाठी केलेले स्थलांतर पुष्कळदा शेवटचे नसते. ते दहा-पंधरा चांगल्या वर्षांसाठी असते असे आधीच धरून चालले, तर परतीची वाट खुली ठेवता येते. घर विकत घेण्याऐवजी भाड्याने घेणे, दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येत असेल तर चालत जाता येईल असा दवाखाना पाहणे, आणि दोघांपैकी एकच मागे उरला तर तो तिथे एकट्याने राहील का, हे आजच मोकळेपणाने बोलणे या गोष्टी त्यातून आपोआप सुचतात.

पाहणीसाठी जावे ते तिथल्या सर्वांत वाईट महिन्यात. बहुतेक जण सर्वांत चांगल्या महिन्यात जातात, आणि घरे दाखवणारेही तेव्हाच बोलावतात. शक्य असेल तर जुने घर न विकता नव्या गावी भाड्याने पूर्ण एक वर्ष राहावे, आणि तेही पर्यटकांच्या वस्तीत न राहता जिथे पुढे घर घ्यायचे आहे त्याच वस्तीत. झोप, चालण्याचे अंतर, औषधांचे प्रमाण, वीजबिल आणि घराबाहेर घालवलेले तास यांची साधी नोंद ठेवावी, आणि तशीच नोंद जायच्या आधी राहत्या गावीही वर्षभर ठेवलेली असावी. घरातल्या प्रत्येकाने आपली नोंद वेगळी ठेवावी, कारण एकाच खोलीत एकाला पंखा हवा असतो आणि दुसऱ्याला चादर. दोन वह्या शेजारी ठेवल्यावर वर्षभरातील त्रासाचे दिवस किती कमी झाले, ते कोणाचे झाले आणि त्या बदल्यात काय गमावले, हे स्पष्ट दिसते. जुने घर विकण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.